मरणाऱ्याची उशी नीट करणारे: माओरी आणि इंग्रजांचा कळवळा

दक्षिणवारा | शनि, ०७/०२ – १३:१०

ऑकलंडला येऊन नऊ वर्षं झाली, पण ६ फेब्रुवारीला वाइतांगीला जाणं काल पहिल्यांदा घडलं. एरवी त्या सुट्टीत आम्ही पोहे खाऊन झोपा काढतो. काल पहाटे दोनला निघालो. थर्मासमधला चहा अर्ध्या वाटेतच संपला आणि उजाडायच्या आत त्या हिरवळीवर पोचलो. समोर समुद्र, मधोमध झेंड्याची काठी, मागे जेम्स बझ्बीचं बैठं पांढरं घर. १८४० साली याच जागी न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या सरदारांनी ब्रिटिश राणीशी तह केला.

येताना बायको गाडी चालवत होती आणि मी विचार करत होतो. तो इथे मांडतो, कारण घरी कोणी ऐकत नाही.

इंग्लंडच्या पार्लमेंटने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करायचा कायदा केला. त्या चळवळीचा तेव्हाचा पुढारी टॉमस फॉवेल बक्स्टन. ते काम हातावेगळं झाल्यावर या मंडळींचं लक्ष वसाहतींमधल्या मूळ रहिवाशांकडे गेलं. १८३५ ते ३७ पार्लमेंटची एक समिती बसली, अध्यक्ष बक्स्टनच. अहवालाचा सूर असा की आपली माणसं जिथे जिथे गेली, तिथे तिथल्या लोकांची धूळधाण झाली. १८३७ मध्येच ॲबोरिजिन्स प्रोटेक्शन सोसायटी निघाली. चर्च मिशनरी सोसायटीचा सेक्रेटरी डँडेसन कोट्स तर न्यूझीलंडमध्ये वसाहत नकोच म्हणून पत्रकं काढत होता. वसाहत खात्याचा मंत्री लॉर्ड ग्लेनेल्ग आणि तिथला कायम सचिव जेम्स स्टीफन हे दोघेही याच गोतावळ्यातले. स्टीफनने तर गुलामगिरीबंदीच्या कायद्याचा मसुदा स्वतः लिहिला होता.

म्हणजे माओरींचे हितचिंतक बाहेर घोषणा देत नव्हते, खुर्चीत बसले होते. तरी १८४० मध्ये न्यूझीलंड ब्रिटिशांचं झालं, १८६० मध्ये तिथे लढाई पेटली आणि १८६३ मध्ये जमिनी जप्त करायचा कायदा आला.

मला वाटतं हा कळवळा खरा होता, आणि त्यानेच घात केला. तुम्हाला काय वाटतं?

फटकळ | शनि, ०७/०२ – १३:३२

मगरीचे अश्रू. पुढचा धागा.

ठाणे_स्लो | शनि, ०७/०२ – १३:४०

फटकळराव, मगर निदान खाऊन झाल्यावर रडते. इथे आधी रडून मग खाल्लेलं दिसतंय. दक्षिणवारा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

दक्षिणवारा | शनि, ०७/०२ – १४:१५

@फटकळ, नुसते मगरीचे अश्रू असते तर सोपं होतं. पण यातल्या काहींना ते महागात पडलंय.

रॉबर्ट फिट्झरॉयचं बघा. डार्विनला ज्या बीगल जहाजावरून नेलं, त्याचा हा कप्तान. पुढे न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला. तो यायच्या सहा महिने आधी, १७ जून १८४३ ला, वाइराउमध्ये रक्तपात झाला होता. वसाहती वसवणारी न्यूझीलंड कंपनी म्हणत होती की ते खोरं आम्ही विकत घेतलंय. ते राउपराहा आणि त्याचा पुतण्या ते रांगीहाएआता म्हणत होते की आम्ही विकलेलंच नाही. कंपनीचा आर्थर वेकफिल्ड आणि तिथला न्यायाधीश हत्यारबंद माणसं घेऊन या दोघांना पकडायला गेले. गोळ्या सुटल्या, त्यात रांगीहाएआताची बायको मेली. मग शरण आलेल्या गोऱ्यांनाही माओरींनी मारलं. एकूण २२ गोरे गेले.

वसाहतवाल्यांना बदला हवा होता. फिट्झरॉय फेब्रुवारी १८४४ मध्ये वाइकानाएला गेला आणि शेकडो माओरींसमोर म्हणाला की शरण आलेल्यांना मारलंत हे फार वाईट केलंत, पण सुरुवातीची चूक गोऱ्यांची होती, म्हणून मी सूड घेणार नाही. वसाहतवाले खवळले. त्यांच्या तक्रारी लंडनला गेल्याच, बाकीचीही कारणं होती, आणि पुढच्या वर्षी फिट्झरॉयला परत बोलावलं. याला मगर म्हणायचं का?

फटकळ | शनि, ०७/०२ – १४:२१

बरं, हा एक सोडून.

ठाणे_स्लो | शनि, ०७/०२ – १६:०५

थांबा थांबा. तुमचा तो लॉर्ड ग्लेनेल्ग म्हणजे चार्ल्स ग्रँट ना? आत्ताच शोधलं आणि खुर्चीतून पडायचा राहिलो. त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट ग्रँट, मुंबईचा गव्हर्नर, १८३५ ते १८३८. म्हणजे आपला ग्रँट रोड! आणि ग्रँट मेडिकल कॉलेज!

मी वीस वर्षं त्या स्टेशनवर उतरतोय. ग्रँट म्हणजे सरकारी अनुदान असावं, अशी माझी आजवर समजूत होती.

बोरूबहाद्दर | शनि, ०७/०२ – १७:२०

ठाणे_स्लो यांनी हसता हसता मुद्द्याच्या गोष्टीवर बोट ठेवलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

या दोघा भावांचे वडीलही चार्ल्स ग्रँटच, ईस्ट इंडिया कंपनीतले बडे प्रस्थ. दोन्ही मुलांचा जन्म बंगालमधला. लंडनच्या क्लॅपहम भागातल्या धार्मिक, श्रीमंत, गुलामगिरीविरोधी मंडळींत हे वडील होते. हिंदुस्थानात मिशनऱ्यांना मुक्त प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, आणि १८१३ च्या सनदी कायद्याने तो मिळाला. थोरला मुलगा आधी हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता, मग वसाहतमंत्री झाला. धाकटा १८३८ मध्ये आपल्या पुण्याजवळ दापोडीला वारला. एक भाऊ मुंबई इलाखा बघतोय आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या टेबलावर माओरींची फाईल, असं ते घराणं.

नाशिकचं शरणपूर ठाऊक असेल. वाइतांगीच्या तहाचं भाषांतर ज्याने केलं तो हेन्री विल्यम्स ज्या चर्च मिशनरी सोसायटीचा, तिचंच ते ठाणं. 'शरण' हा शब्द लक्षात घ्या. आमच्याकडे या, आम्ही सांभाळू, असा त्यांचा एकंदर भाव. त्यात दुष्टावा नाही. पण सांभाळायचं म्हटलं की समोरचा लहान ठरतो.

हेमांगी | शनि, ०७/०२ – १७:४५

+१. शेवटचं वाक्य फार आवडलं. माझ्या सासूबाईंना वाचून दाखवणार नाहीये.

जिज्ञासू_७७ | शनि, ०७/०२ – २०:१२

मला एकच विचारायचंय. माओरी काय संत होते? १८३५ मध्ये त्यांनीच न्यूझीलंडजवळच्या चॅटम बेटांवर जाऊन तिथल्या मोरिओरी लोकांना मारलं, उरलेल्यांना गुलाम केलं. मोरिओरींनी तर पूर्वजाच्या नियमाप्रमाणे हत्यार उचलायलाच नकार दिला होता. हे कोणी सांगत नाही. इंग्रज आले नसते तर हेच चाललं असतं.

दक्षिणवारा | शनि, ०७/०२ – २०:५०

कोणी सांगत नाही असं नाही, इथे शाळेच्या पोरांनाही माहीत आहे. घटना खरी आहे आणि भयंकर आहे. पण पुढचंही सांगतो. मोरिओरींनी सुटकेसाठी ब्रिटिश गव्हर्नरला पत्रं लिहिली. १८४२ पासून चॅटम बेटं ब्रिटिशांच्या ताब्यात, राज्य त्या गुलामगिरी बंद करणाऱ्यांचं. तरी सुटका व्हायला १८६३ उजाडलं. आणि १८७० मध्ये ब्रिटिशांच्याच जमीन कोर्टाने त्या बेटांची ९७ टक्के जमीन जिंकून घेणाऱ्या माओरींच्या नावावर केली. मग तिथे कोण कोणाला वाचवत होतं?

फटकळ | शनि, ०७/०२ – २०:५५

जिज्ञासूंची विकेट.

जिज्ञासू_७७ | शनि, ०७/०२ – २१:०३

विकेट नाही, रिव्ह्यू घेतलाय. माओरी अगदीच बिचारे नव्हते, एवढंच माझं म्हणणं.

छापखाना | शनि, ०७/०२ – २२:३०

जिज्ञासूंशी या बाबतीत सहमत. बिचारे अजिबात नव्हते. होंगी हिका नावाचा सरदार १८२० मध्ये इंग्लंडला गेला, केंब्रिजच्या प्राध्यापकाला माओरी भाषेचं व्याकरण रचायला मदत केली, राजाला भेटला, भरपूर भेटी मिळवल्या आणि परतताना सिडनीत त्या भेटी मोडून बंदुका घेतल्या. चिलखत तेवढं ठेवलं. मिशनऱ्यांना वाटत होतं आपण याला वापरतोय.

पण मी आलोय विल्यम कोलेन्झोबद्दल लिहायला. वडिलांचा खिळ्यांचा छापखाना होता, मी लहानपणी केसमधले खिळे लावत बसायचो. त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच ममत्व.

मिशनने याला मुद्रक म्हणून पाठवलं. १८३४ च्या शेवटी यंत्र घेऊन पाइहियाला उतरला. खोकी उघडली तर छापखान्याला लागणाऱ्या कितीतरी वस्तू लंडनहून पाठवलेल्याच नाहीत. (ज्याने छापखाना चालवलाय त्यालाच या क्षणी पोटात काय होतं ते कळेल.) तशात जोडजमाव करून त्याने १८३७ पर्यंत बायबलच्या माओरीतल्या नव्या कराराच्या ५,००० प्रती छापल्या.

आता ६ फेब्रुवारी १८४०. आदल्या दिवशी जहाजाच्या शिडांच्या मांडवाखाली दिवसभर वाद झालेला. बरेच सरदार राणीने तहासाठी पाठवलेल्या गव्हर्नर हॉब्सनला तोंडावर म्हणाले होते, परत जा. ४ तारखेच्या दुपारी इंग्रजी मसुदा विल्यम्सच्या हातात पडला, बाप-लेकांनी एका रात्रीत भाषांतर केलं. ६ ला सह्या सुरू होणार, पहिलं नाव होने हेकेचं. तो पुढे येतोय तेवढ्यात कोलेन्झो मध्ये उभा राहिला आणि गव्हर्नरला विचारलं, या लोकांना या कागदात काय आहे ते समजलंय असं आपल्याला वाटतं का?

वय २८. पगारी मुद्रक. समोर आरमाराचा कप्तान, आजूबाजूला स्वतःचे वरिष्ठ. हॉब्सनचं उत्तर साधारण असं की समजलं नसेल तर तो माझा दोष नाही, मला शक्य ते मी केलंय, विल्यम्सने त्यांना वाचून दाखवलंय. कोलेन्झो म्हणाला की मी स्वतः काही जणांशी बोललोय, त्यांना यातलं काही माहीत नाही, आणि उद्या हे उलटलं तर ते आम्हा मिशनऱ्यांना धरतील. एवढं बोलून तो बाजूला झाला आणि सह्या सुरू झाल्या. सही करणाऱ्याला दोन ब्लँकेटं आणि थोडी तंबाखू.

पुढे त्या तहाच्या माओरी मजकुराच्या २०० प्रती कोणी छापल्या? यानेच!

दक्षिणवारा, तुमचा अख्खा प्रश्न मला या एका माणसात दिसतो.

हेमांगी | शनि, ०७/०२ – २२:४१

अंगावर काटा आला. पण तो बाजूला का झाला?

छापखाना | शनि, ०७/०२ – २२:५८

त्याच्याच टिपणात आहे. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून बोललो, कर्तव्य झालं. शंका मिनिट्समध्ये नोंदवली म्हणजे झालं, असं मानणारे आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही दोन-तीन असतात.

अवांतर: याच कोलेन्झोला एका माओरी वस्तीत एक काशाची घंटा मिळाली, बायका तिच्यात बटाटे उकडत होत्या. घंटेवर अक्षरं कोरलेली. ती तमिळ निघाली! 'मोहयुद्दीन बक्सच्या जहाजाची घंटा' अशा अर्थाची. आज ती वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे.

ठाणे_स्लो | शनि, ०७/०२ – २३:०४

म्हणजे इंग्रजांच्या आधी तिथे सांबारची तयारी झाली होती.

सातारी_कंदी | रवि, ०८/०२ – ०८:४०

सुप्रभात मंडळी. धागा रात्रीच वाचला, लिहायला चष्मा सापडत नव्हता.

तहात काय होतं ते अजून कोणी नीट सांगितलं नाही. तीन कलमं. इंग्रजीत पहिल्या कलमात सरदार आपलं सार्वभौमत्व राणीला देतात. माओरी मजकुरात तिथे शब्द आहे 'कावानातांगा'. हा माओरी शब्दच नव्हे, 'गव्हर्नर'चा 'कावाना' करून मिशनऱ्यांनी घडवलेला. दुसऱ्या कलमात इंग्रजी म्हणतं, जमिनी, जंगलं, मासेमारीच्या जागा यांचा निर्वेध ताबा त्यांच्याकडे राहील. माओरीत तिथे आहे 'तीनो रांगातिरातांगा', म्हणजे पुरी सरदारकी.

माझ्या नातवाने हे इंग्रजीतून वाचलं, त्याला काही उमगेना. मी म्हटलं, अरे सोपं आहे. समज कोणी तुला म्हटलं, कारभार मी बघतो, वतन तुझंच. तू काय करशील? सही करशील. पाटलाने आजवर तेच केलंय. मुलुख निजामाचा असो नाहीतर आदिलशहाचा, कारभारी बदलतो, वतन हलत नाही. आणि मग कळतं की समोरच्याच्या कागदावर 'कारभार' या जागी 'मालकी' लिहिलंय.

साताऱ्याला १८१९ मध्ये प्रतापसिंह महाराजांशी कंपनीने तहच केला होता. १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढलं, पाठवलं बनारसला. कागद दोघांकडे होता, पण अर्थ लावायचा हक्क एकाकडेच.

बोरूबहाद्दर | रवि, ०८/०२ – ०९:१५

काका, दंडवत. 'वतन आणि कारभार' यापेक्षा चांगलं भाषांतर माझ्या वाचनात नाही. इंग्रजी मजकुरावर सह्या करणारे चाळीसच्या आसपास, माओरीवर करणारे पाचशेच्या घरात. म्हणजे बहुतेकांनी वतन राखून कारभार दिला होता.

जिज्ञासू_७७ | रवि, ०८/०२ – १०:०२

पण मिशनऱ्याने मुद्दाम चुकीचा शब्द घातला असं म्हणायचंय का? एका रात्रीत भाषांतर करायला दिलं तर मीही काहीतरी घालीन.

दक्षिणवारा | रवि, ०८/०२ – १०:४०

यावर इथले इतिहासकार अजून भांडतात. विल्यम्सबद्दल माझं मत सौम्य आहे. त्याला खात्री होती की तह झाला नाही तर वेकफिल्डची न्यूझीलंड कंपनी सगळं गिळेल. (एडवर्ड गिबन वेकफिल्ड हे भारी प्रकरण. एका श्रीमंत शाळकरी मुलीला फसवून पळवून लग्न लावलं म्हणून तुरुंगात गेला आणि वसाहती शास्त्रशुद्ध कशा वसवाव्यात याचा सिद्धांत तिथे बसून रचला.) तेव्हा 'सार्वभौमत्व' नीट समजावलं तर सरदार नाही म्हणतील, आणि नाही म्हटले तर त्यांचंच वाटोळं होईल, असा हिशेब विल्यम्सच्या डोक्यात असू शकतो. डॉक्टर पेशंटला पूर्ण सांगत नाही तसं.

आणि याच विल्यम्सने मुलाबाळांसाठी हजारो एकर जमीन घेऊन ठेवली होती. त्यावरून गव्हर्नर ग्रेशी वाजलं आणि १८४९ मध्ये त्याच्या स्वतःच्या सोसायटीने त्याला काढलं. पाच वर्षांनी परत घेतलं.

फटकळ | रवि, ०८/०२ – १०:४४

आला ना मगरीचा जबडा!

अमृता_हॅमिल्टन | रवि, ०८/०२ – १२:३०

मी इथे नर्स आहे, नाईट करून आलेय, चुका पोटात घाला.

मी राहते ते हॅमिल्टन शहर १८६३-६४ च्या वाइकाटो लढाईनंतर जप्त केलेल्या जमिनीवर वसलंय. नाव एका ब्रिटिश कप्तानाचं, आणि त्याने या गावात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं असं इथे सगळे सांगतात. चौकात त्याचा पुतळा होता, २०२० मध्ये काढला. आमच्या वॉर्डातल्या एक वयस्कर माओरी बाई मात्र पुतळ्याबद्दल काही बोलत नाहीत, बिशप सेल्विनबद्दल बोलतात.

सेल्विन हा आधी माओरींचा मोठा कैवारी. १८६० मध्ये तारानाकीत विरेमु किंगी वाइताराची जमीन विकायला तयार नव्हता, पण सरकारने दुसऱ्याच एकाकडून सौदा करून ती घेतली आणि लढाई पेटली. तेव्हा सेल्विन, माजी सरन्यायाधीश विल्यम मार्टिन आणि ऑक्टेव्हियस हॅडफिल्ड नावाचा पाद्री हे तिघे उघडपणे म्हणाले की सरकार चुकतंय. हॅडफिल्डला तर गोऱ्यांनी देशद्रोही ठरवलं. पण तीन वर्षांनी वाइकाटोत फौज घुसली तेव्हा सेल्विन फौजेचा पाद्री म्हणून सोबत गेला. जखमींची सेवा दोन्ही बाजूंची करायची, हा हेतू. २१ फेब्रुवारी १८६४, रविवारची सकाळ. रांगीआओफिया गावात बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. फौज तिथे शिरली, घरं पेटली, माणसं आत जळाली. सेल्विन फौजेबरोबर होता. त्या बाईंच्या घरात अजून म्हणतात की आमच्याकडे येऊन प्रार्थना शिकवणारा तोच, आणि त्या दिवशी घोड्यावरून आलेलाही तोच.

आता याची दुसरी बाजू. दोनच महिन्यांनी तौरांगाला गेट पा ची लढाई झाली. तिथल्या माओरींमध्ये हेनारे ताराटोआ होता, सेल्विनच्याच शाळेत शिकलेला. त्यांनी लढाईआधी इंग्रजांना पत्र पाठवून आपले नियम कळवले की जखमींना मारणार नाही, निःशस्त्रांना हात लावणार नाही. आणि त्या रात्री हेनी ते किरी कारामु नावाची बाई खंदकातून बाहेर पडून मरणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना पाणी पाजून आली. तो हॅमिल्टन कप्तानही याच लढाईत मेला. जूनमध्ये ते रांगाच्या लढाईत ताराटोआ पडला, तेव्हा त्याच्या अंगावर बायबलमधली ओळ लिहिलेला कागद सापडला म्हणतात, शत्रू तहानलेला असेल तर त्याला पाणी दे.

झोपते आता.

हेमांगी | रवि, ०८/०२ – १२:४८

शिकवणारे विसरले, शिकणाऱ्यांनी पाळलं. झोप गं बाई नीट.

मुठाकाठ | रवि, ०८/०२ – १४:२०

पुणेकर म्हणून एक भर. सर जेम्स फर्ग्युसन १८७३-७४ मध्ये न्यूझीलंडचे गव्हर्नर होते, नंतर १८८० ते ८५ मुंबईचे. फर्ग्युसन कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांचा मुलगा आणि नातू पुढे न्यूझीलंडचे गव्हर्नर जनरल झाले. त्या मुलाची आई म्हणजे डलहौसीची मुलगी! सातारा खालसा करणारा डलहौसी. कंदीकाका, पाणी प्या.

सातारी_कंदी | रवि, ०८/०२ – १४:३१

प्यायलो. तरी ठसका गेला नाही.

बोरूबहाद्दर | रवि, ०८/०२ – १६:१०

धाग्याच्या शीर्षकातल्या उशीबद्दल कोणी विचारलं नाही. १८५६ मध्ये डॉ. आयझॅक फेदरस्टन या वेलिंग्टनच्या पुढाऱ्याने म्हटल्याचं सांगतात की माओरी संपत चालले आहेत, तेव्हा चांगल्या, दयाळू वसाहतवाल्यांचं कर्तव्य एवढंच, की मरणाऱ्याची उशी नीट करावी. आपल्याकडे म्हणतात तसं तोंडात गंगाजल घालावं. आणि रोगी अजून बसून जेवतोय!

पण जेवण कमी होत गेलं, हेही खरं. १८९६ च्या खानेसुमारीत माओरी ४२,००० च्या आसपास भरले. १८४० मध्ये ते याच्या दुपटीच्या जवळ असावेत. रोगराई, लढाया, आणि जमीन. १८६५ पासून जमीन कोर्टाने सामाईक जमिनींवर जास्तीत जास्त दहाच जणांची नावं चढवायला सुरुवात केली. नाव चढलेल्याला एकट्याला गाठायचं, उधारीत अडकवायचं, जमीन विकायला लावायची. आपल्याकडच्या सावकारीची आठवण होते. हे कोर्टही माओरींना कायद्याचं संरक्षण मिळावं म्हणूनच काढलं होतं हं.

ठाणे_स्लो | रवि, ०८/०२ – १६:२२

'तुमच्या भल्यासाठी' हे शब्द ऐकले की मी हल्ली खिशातलं पाकीट चाचपतो.

नवा_सदस्य_४४ | रवि, ०८/०२ – १७:००

गांधीजींनी सत्याग्रह माओरींच्या पारिहाका गावावरून घेतला असं व्हॉट्सॲपवर वाचलं. खरं आहे का?

दक्षिणवारा | रवि, ०८/०२ – १७:३५

पारिहाकावर ५ नोव्हेंबर १८८१ ला फौज गेली तेव्हा गांधीजी १२ वर्षांचे होते. व्हॉट्सॲपवर सोडा. पण पारिहाकाची गोष्ट कोणाच्या टेकूशिवाय उभी राहील इतकी मोठी आहे. ते फिती आणि तोहू या दोन माओरी पुढाऱ्यांचं हे गाव. जप्त जमिनीवर सरकार मोजणी करायला लागलं. १८७९ मध्ये यांची माणसं हत्यार न घेता गेली आणि गोऱ्यांच्या कुरणांतून नांगर फिरवून आली. पकडलं की पुढची तुकडी नांगर धरायला हजर. शेकडो जण खटल्याशिवाय तुरुंगात, तेही पार दक्षिणेला ओटागोपर्यंत. शेवटी १,६०० च्या आसपास फौज गावावर आली तेव्हा वाटेत पोरं गात, खेळत बसलेली, आणि पाहुण्यांसाठी पाव भाजून ठेवलेले. मंत्री जॉन ब्राइस पांढऱ्या घोड्यावर. ते फिती आणि तोहूला पकडलं, गाव मोडलं.

जिज्ञासू_७७ | रवि, ०८/०२ – १८:१०

आणि तेव्हा ती लंडनची प्रोटेक्शन सोसायटी काय करत होती?

सातारी_कंदी | रवि, ०८/०२ – १९:०५

पत्रं लिहीत होती, काय करणार. १८८४ मध्ये माओरी राजा ताफिआओ स्वतः लंडनला गेला, राणीपुढे तह ठेवायला. सोसायटीच्या लोकांनी त्याची उठबस केली, सभा घेतल्या. राणीची भेट मिळाली नाही. वसाहतमंत्री लॉर्ड डर्बीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा न्यूझीलंडच्या सरकारचा प्रश्न. म्हणजे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याचकडे अर्ज.

आमच्या रंगो बापूजींचं वेगळं काय झालं? छत्रपतींची बाजू मांडायला लंडनला गेले, चौदा वर्षांच्या आसपास तिथे राहिले. त्यांना साथ कोणाची? गुलामगिरीविरोधात भाषणं गाजवणारा जॉर्ज थॉम्सन. तेच वर्तुळ! त्याने कंपनीच्या भागधारकांसमोर जीव तोडून बाजू मांडली. भाषणं छापली गेली. महाराज १८४७ मध्ये बनारसलाच गेले. म्हणून मी या मंडळींना खोटं म्हणणार नाही. उन्हात छत्री धरणारी माणसं ती, पण घर परत मिळवून देणारी नव्हेत.

संपादक | रवि, ०८/०२ – १९:३०

नवा_सदस्य_४४ आणि फटकळ यांच्यातले सात वैयक्तिक प्रतिसाद उडवले आहेत. गांधीजींसाठी वेगळा धागा काढावा.

दक्षिणवारा | रवि, ०८/०२ – २१:४५

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण कोलेन्झोचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललंय.

रात्री नॉर्मनबीच्या सूचना परत वाचल्या. ग्लेनेल्गनंतर तो मंत्री झाला, आणि १४ ऑगस्ट १८३९ ला त्याने हॉब्सनला लेखी हुकूम दिले. मसुद्यावर स्टीफनचा हात. आधी लिहिलंय की न्यूझीलंड हे स्वतंत्र राष्ट्र आहे असं आपण मान्य केलंय, तेव्हा तिथल्या लोकांची मोकळी, समजून-उमजून दिलेली संमती घेतल्याशिवाय काही करायचं नाही. किती सुंदर. मग खाली जमिनीबद्दल. गोऱ्या दलालांनी फसवू नये म्हणून माओरींनी जमीन फक्त सरकारलाच विकावी. हेच तहात आलं. त्याच्याखाली हिशेब, की सरकार स्वस्तात घेईल, वसाहतवाल्यांना महाग विकेल, आणि त्या फरकातून आणखी वसाहतवाले आणायचा खर्च निघेल. यात अन्याय नाही, कारण आज त्या जमिनीचा त्यांना फारसा उपयोगच नाही.

एकाच कागदावर, एकाच हाताने. १८४८ मध्ये दक्षिण बेटावर ङाइ ताहू या माओरी जमातीची एक कोटी एकरांहून जास्त जमीन सरकारने २,००० पौंडांना घेतली ती याच वाटेने. वर राखीव जमिनींचा शब्द दिला, तो पाळला नाही. १९९८ मध्ये सरकारने माफी मागून १७ कोटी डॉलरला मिटवलं.

काल मी लिहिलं की कळवळ्याने घात केला. आता वाटतं, कळवळा आणि घात एकाच अर्जातले दोन परिच्छेद होते, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही विसंगत दिसलं नाही.

फटकळ | रवि, ०८/०२ – २१:५२

म्हणजे मीच बरोबर होतो.

दक्षिणवारा | रवि, ०८/०२ – २१:५४

नाही.

हेमांगी | रवि, ०८/०२ – २२:०५

एक विचारायचं राहिलं. त्या सरदारांना लिहिता येत होतं? सह्या कशा केल्या?

छापखाना | रवि, ०८/०२ – २२:२०

काहींनी नाव लिहिलं, मिशनच्या शाळांत शिकलेले होते. काहींनी खूण केली. आणि काहींनी चेहऱ्यावरच्या गोंदणाचा, म्हणजे मोकोचा, एक भाग कागदावर काढला. तो दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही. मूळ कागद वेलिंग्टनला काचेत आहे, उंदरांनी कुरतडलेला. एका तळघरात पडून होता कित्येक वर्षं.

सातारी_कंदी | रवि, ०८/०२ – २२:५०

आमच्या घरात पेशवाईतला एक महजर आहे, कसरीने कडा खाल्लेला. खाली कुलकर्ण्याची ऐटबाज मोडी सही, आणि आमच्या पूर्वजाला लिहिता येत नव्हतं म्हणून शेजारी छोटासा नांगर काढलाय. निशाणी नांगर.

संध्याकाळी पारिहाकाचं वाचलं आणि तो कागद परत काढून बसलोय.